मोबीलच्या उपसागरावरची गार कोळंबी

नकाशावर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून बोट फिरवीत पूर्वेकडे गेलात, तर न्यू ऑर्लिन्स मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर समुद्र जमिनीत खोल शिरलेला दिसेल. हा मोबीलचा उपसागर. लांबी पन्नास किलोमीटरच्या आसपास आणि खोली मात्र सरासरी अवघी तीन मीटर. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी विहिरीइतकीसुद्धा नाही! त्याच्या माथ्याशी अलाबामा राज्यातले मोबील शहर वसलेले आहे. इंग्रजीत या नावाचे स्पेलिंग आणि हल्ली लहानथोरांच्या खिशात असणाऱ्या यंत्राचे स्पेलिंग एकच. त्यामुळे आमच्या जावयांना तिथल्या विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आप्तेष्टांनी यथेच्छ विनोद करून घेतले. गावकरी मात्र 'बी' चांगला लांबवून 'मोबील' असेच म्हणतात, आणि पाहुण्याने तसे म्हटले की एकदम घरोबा दाखवतात.

गाव आहेही मोठे घरंदाज. फ्रेंचांनी १७०२ साली ही वसाहत मांडली, तेव्हा न्यू ऑर्लिन्सचा जन्मही झालेला नव्हता. पुढे इंग्रज आले, स्पॅनिश आले, आणि १८१३ मध्ये अमेरिकनांनी ते घेतले. या साऱ्या धन्यांनी मागे काय ठेवले असेल, तर खाण्यापिण्याची हौस आणि मार्दी ग्रा! ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारपर्यंत हा उत्सव चालतो. आमच्या कुटुंबाने एका वाक्यात त्याचा उलगडा केला, "अहो, म्हणजे ही यांची गटारी!" श्रावण लागण्यापूर्वी आपल्याकडे जे होते तेच इथे, फक्त दोनतीन आठवडे आणि बँडबाजासह. मिरवणुकीतल्या रथांवरून मुखवटेवाले लोक मण्यांच्या माळा आणि चॉकलेटात बुडवलेली गोड बिस्किटे गर्दीत फेकतात, आणि एरवी गंभीर दिसणारे वकील-डॉक्टर ती झेलायला उड्या मारतात. आपला उत्सव न्यू ऑर्लिन्सपेक्षा जुना आहे हे मोबीलकर तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतील. या उत्सवाचे दोन राजे आणि दोन राण्या असतात, गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आम्ही २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे पोचलो, तेव्हा घरोघर पार्ट्यांची धांदल होती. मिरवणूक पाहायला निघण्यापूर्वी कोणाच्या तरी घरी जमायचे, उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचे आणि मग रस्त्यावर जायचे, असा रिवाज. त्या प्रत्येक टेबलावर, बर्फाच्या परातीत ठेवलेल्या काचेच्या वाडग्यात, फिकट गुलाबी रंगाचा एक पदार्थ हटकून दिसे. भोवती खाऱ्या बिस्किटांची चळत. हे त्यांचे कोळंबीचे 'डिप'. बिस्किट त्यात बुडवायचे आणि जेवढे वर येईल तेवढे खायचे. पहिल्या दिवशी ही लांबूनच पाहत राहिली. रेवदंड्याच्या माहेरवाशिणीला गार कोळंबी ही कल्पनाच सहन होण्यासारखी नव्हती. "कोळंबी कशी, चुलीवरून उतरली की पानात पडली पाहिजे," हे तिचे तत्त्व. पण शेजारच्या आजीबाईंनी स्वतः बिस्किट भरून तिच्या हातात दिले, तेव्हा नाही म्हणवेना. तिने खाल्ले, क्षणभर गप्प राहिली, आणि मला मराठीत म्हणाली, "अहो, ही तर कोशिंबीर आहे!"

दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या घरी पार्टी ठरली आणि हे डिप करण्याची कामगिरी आजीबाई व आमची ही यांनी मिळून अंगावर घेतली. कृती पाहिली तर काहीच नाही. एक पौंड, म्हणजे आपली अर्ध्या किलोला थोडी कमी, बारीक कोळंबी. पाण्यात भरपूर मीठ, लिंबाच्या फोडी आणि तमालपत्र घालून ते खळखळ उकळवायचे आणि मग कोळंबी टाकायची. ती दोनतीन मिनिटांत गुलाबी होते आणि अर्धी वळते. तेवढ्यात उपसून बर्फाच्या पाण्यात टाकायची. पुरती गोल वळली की रबर झाली असे समजावे. मग सोलून, पाठीचा काळा दोरा काढून, फडक्यावर पसरून अगदी कोरडी करायची. इथे आजीबाई फार कडक. कोळंबीत पाणी राहिले तर रात्रभरात डिप 'रडते' असे त्या म्हणत.

बाकी सामान म्हणजे आठ औंस क्रीम चीज. ते दिसायला आणि चवीला आपल्या चक्क्याचे मावसभावंड, फक्त आंबटपणा कमी आणि स्निग्धता जास्त. ते आधी तासभर बाहेर ठेवून मऊ करायचे, नाहीतर गुठळ्या राहतात. त्यात पाव वाटी मेयॉनेज, अर्ध्या लिंबाचा रस, बारीक चिरलेला पातीचा कांदा, सेलरीचे एक कोवळे देठ, थोडे वूस्टर सॉस आणि लाल मिरचीच्या सॉसचे थेंब. शेवटी कोळंबी. निम्मी अगदी बारीक चिरायची, निम्मी जरा जाडसर, म्हणजे दाताखाली येते. मग झाकण घालून रात्रभर फ्रिजमध्ये.

रात्रभर कशाला, असे मी विचारले. आजीबाई म्हणाल्या की कांदा आणि मिरची यांना एकमेकांची ओळख व्हायला वेळ लागतो. हिने त्याला दुजोरा दिला. लोणच्याचेही तसेच असते. शिवाय गार पदार्थात मीठ-तिखट जिभेला कमी लागते, म्हणून कालवताना चव किंचित चढी ठेवायची. हे ऐकल्यावर आमच्या घरच्या बाटलीतले थेंब आजीबाईंच्या मोजणीपेक्षा बरेच पुढे गेले. टेबलावर मात्र हे वाडगे बर्फात हवे, आणि उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. आठवणीसाठी आजीबाई स्वयंपाकघरातल्या गजराच्या घड्याळाला किल्ली देऊन ठेवीत.

डिपचा एक वडीलबंधूही या गावात आहे, आणि त्याच्या बाबतीत मोबीलकर विशेष हळवे आहेत. त्याचे नाव 'वेस्ट इंडीज सॅलड', पण जन्म इथलाच. बिल बेली नावाच्या खानावळवाल्याने १९४७ साली तो केला. खेकड्याच्या मांसाचे पांढरेशुभ्र मोठे तुकडे, चिरलेला कांदा, तेल, सायडरचा व्हिनेगर आणि बर्फाचे पाणी. बस्स! कांद्याचा थर, त्यावर खेकडा, पुन्हा कांदा. मग तेल, व्हिनेगर आणि पाणी ओतायचे आणि दोन ते बारा तास हात लावायचा नाही. वाढण्यापूर्वी हलकेच खालीवर करायचे, की तुकडे मोडू नयेत. कोणी त्यात टोमॅटो घातला, कोणी भोपळी मिरची घातली, की जुनी मंडळी तोंड फिरवतात. मला विचाराल तर डिपपेक्षा हा पदार्थ सरस. क्रीम चीजच्या पांघरुणात कोळंबी जरा गुदमरते. इथे खेकडा उघड्यावर येऊन आपली गोडी सांगतो. पण खेकडा सोलायला माणसे लागतात, मांस महाग पडते, आणि वीस माणसांच्या पार्टीला डिपच परवडते.

उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर या खेकडे-कोळंबीचा एक चमत्कार घडतो, त्याला 'ज्युबिली' म्हणतात. उन्हाळ्यात एखाद्या रात्री, सूर्य उगवण्याच्या आधी, खेकडे, कोळंबी, चपटे फ्लाउंडर मासे आणि वामा थव्याथव्यांनी अगदी घोट्याएवढ्या पाण्यात येऊन पडतात. मेलेले नसतात, गुंगी आल्यासारखे असतात. कारण सांगतात ते असे : उथळ उपसागराच्या तळाशी कुजणाऱ्या पालापाचोळ्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपतो. वारा पूर्वेकडून मंद वाहत असला, पाणी शांत असले आणि भरती चढत असली, म्हणजे ते निर्जीव पाणी किनाऱ्याकडे सरकते आणि तळाशी राहणारे जीव त्याच्यापुढे पळत पळत शेवटी काठाला येऊन कोंडतात. डॅफ्नी, फेअरहोप, पॉइंट क्लिअर या गावांतले म्हातारे आदल्या संध्याकाळीच वारा हुंगून अंदाज बांधतात. कोणाला पहिल्यांदा दिसले की तो "ज्युबिली!" म्हणून ओरडतो, फोन खणखणतात, आणि लोक रात्रीच्या कपड्यांतच कंदील, टोपल्या आणि धुण्याची घमेली घेऊन पाण्यात उतरतात. आजीबाईंनी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पहिली ज्युबिली पाहिली होती. फुकटात मिळालेली कोळंबी सकाळी उकडून, गार करून, शेजारीपाजारी वाटण्यात जी मजा, ती विकतच्या कोळंबीत नाही, असे त्यांचे ठाम मत.

विकतच्या कोळंबीवरून मात्र आमच्या पार्टीत जरा कठीण प्रसंग आला होता. सामान आणायला आजीबाई, ही आणि मी एका मोठ्या दुकानात गेलो. गोठवलेल्या कोळंबीची स्वस्त पाकिटे फडताळात रचलेली. हिने एक उचलून चष्मा नीट केला आणि वाचले : 'भारतातील उत्पादन'. परमुलुखात स्वदेशाचे नाव पाहून कोणाला आनंद होणार नाही? ती पाकीट टोपलीत टाकणार, एवढ्यात आजीबाई शांतपणे म्हणाल्या, "ते नको. तुम्ही चांगली माणसे आहात, पण तुमच्या कोळंबीने माझ्या मुलाची बोट खाल्ली."

मग घरी येताना सगळे कळले. उपसागराच्या तोंडाशी बायू ला बात्र नावाचे कोळ्यांचे गाव आहे. 'फॉरेस्ट गंप' या १९९४ च्या चित्रपटात कोळंबीच्या बोटीचे जे प्रकरण आहे, ते याच गावाचे. आजीबाईंचे सासर तिथले. २००५ साली कतरिना वादळाने समुद्र गावात आणून सोडला. २० एप्रिल २०१० रोजी आखातातल्या तेलविहिरीवर स्फोट झाला, अकरा कामगार गेले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले. मासेमारीवर बंदी आली. या दोन्हींतून मुलगा उठून उभा राहिला. पण डिझेल महाग होत गेले आणि कोळंबीचा बंदरावरचा भाव पडत गेला, त्याला इलाज नव्हता. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या दहा कोळंब्यांतल्या नऊ परदेशातून येतात, आणि पाठवणाऱ्यांत भारताचा नंबर बरीच वर्षे पहिला लागत आला. शेवटी मुलाने बोट विकली आणि नोकरी धरली.

ही थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने आजीबाईंना सांगितले की, पाकिटातली ती कोळंबी आमच्या कोळ्यांनीही पकडलेली नसावी. ती बहुतेक आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेली. ती जातही मुळात आमची नव्हे, अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची. भारतात तिची शेती करायला २००९ मध्ये परवानगी मिळाली. रेवदंड्याचा कोळी होडी घेऊन जातो तो जातोच, आणि त्याच्या पोरालाही नोकरी हवी असते. आजीबाईंनी गाडी चालवता चालवता हिच्याकडे पाहिले, आणि वळण घेऊन थेट बायू ला बात्रचा रस्ता धरला. कोळंबी तिथल्या धक्क्यावरून घेतली. दाम जवळजवळ दुप्पट पडले. ते दोघींनी निम्मेनिम्मे दिले.

मे महिन्यात आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. १९४९ पासून तिथे दर वसंतात बोटींना आशीर्वाद देण्याचा सोहळा होतो. बोटी पताकांनी सजवतात, धर्मगुरू मंत्र म्हणून पवित्र पाणी शिंपडतात, आणि समुद्रात गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी पाण्यावर एक पुष्पचक्र सोडतात. नारळ नाही एवढेच; बाकी नारळी पौर्णिमा. गर्दीत व्हिएतनामी, लाओस आणि कंबोडियाची कुटुंबे पुष्कळ होती. युद्धानंतर, १९७५ पासून पुढे, ही माणसे इथे येऊन कोळंबी सोलण्याच्या आणि पकडण्याच्या धंद्यात शिरली. आजीबाई म्हणाल्या, की सुरुवातीला आम्ही त्यांच्यावरही रागावलो होतो.

आम्ही परतल्यावर, २०२५ च्या ऑगस्टात, अमेरिकेने भारतीय मालावरची जकात पन्नास टक्क्यांवर नेली. ते वाचून आजीबाईंना बरे वाटले असणार. आंध्रातल्या तळेवाल्यांच्या घरी मात्र त्या आठवड्यात काय चालले असेल, याची चर्चा आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत झाली.

गेल्या एकतीस डिसेंबरला हिने आमच्या गच्चीवर ते डिप केले. क्रीम चीजऐवजी घट्ट टांगलेला चक्का घेतला, आणि तो आंबट म्हणून लिंबू निम्मे केले. सेलरीऐवजी काकडी, पण बिया काढून आणि पिळून. कोळंबी चिरायचीच असल्याने महाग घेतली नाही. करंदीने काम भागले. सोसायटीतल्या मंडळींनी वाडगे पुसून घेतले. लेकीने त्याचा फोटो आजीबाईंना दाखवला, तेव्हा त्यांचा उलट निरोप आला, कोळंबी समुद्रातली की तळ्यातली? हिने लगेच कळवले, "समुद्रातली. ससून डॉकची."