पक्का रंग

तर झालं असं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने दोनशेपानी वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्यातल्या साठेक मी टाइप केल्या, घरच्या इंकजेटवर छापल्या आणि ऐन आषाढात वालूरला आत्याकडे निघालो. आजीच्या म्हणून ओव्या कुंकवाच्या रंगात. सुरुवातीला माझी दोन पानी प्रस्तावना, ती साध्या काळ्यात.

शाई पाण्याची आहे हे ठाऊक होतं. म्हणून आदल्या रात्री प्रत्येक पानावर सुती रुमाल टाकून कोरडी इस्त्री फिरवली. कापडावर रंगवलेली फुलं इस्त्रीने पक्की होतात, मग कागदावरची अक्षरं का नाही होणार? पानं हाताला गरम, कडक लागली. मी निर्धास्त!

सेलूहून एसटीने वालूरला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. तसाच आधी बारव बघायला गेलो. चक्राकार उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्या बघताना पाऊस कधी वाढला कळलंच नाही. खांद्यावरच्या शबनमचं तर भानच नव्हतं.

आत्याकडे पानं काढली तर कुंकवाचं नुसतं पाणी झालेलं. एक ओवी धड लागेना. आणि प्रस्तावना? जशीच्या तशी! आत्याने चष्मा लावून पानं उलटसुलट केली आणि म्हणाली, "लेकरा, तुझंच तेवढं ऱ्हायलं की रं!"

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

नंतर जरा शोधाशोध केली. माझ्या प्रिंटरची रंगीत शाई म्हणजे पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलेला रंग. इस्त्रीने पाणी उडून जातं, पण रंग विरघळणाराच राहतो. पुन्हा पाणी मिळालं की निघाला! कापडाच्या रंगात चिकटून धरणारं द्रव्य असतं आणि ते उष्णतेने घट्ट होतं, म्हणून तिथे इस्त्री चालते. लेझर प्रिंटरची पूड तर बरीचशी प्लॅस्टिकचीच, ती वितळून कागदाला धरते. माझ्या शाईत उष्णतेने धरेल असं काही नव्हतंच. मी कागद वाळवला होता, रंग पक्का केलाच नव्हता.

काळ्या शाईत मात्र कार्बनचे बारीक कण, म्हणजे आपली काजळीच. ती पाण्यात विरघळत नाही. जुन्या पोथ्या लिहायची शाईसुद्धा काजळ आणि डिंकाची. जांबच्या समर्थांनी तर दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला. अक्षर कसं काढावं इथपासून बोरू, कागद, शाईपर्यंत सगळं त्यात आहे. अशी काळी शाई असूनही ती माणसं पोथी कापडात बांधून जपत. आणि मी उघडी शबनम घेऊन पावसात!

असो. त्या रात्री जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, "घे लिवून." पुतणीच्या दप्तरातला बॉलपेन घेतला आणि त्याच लालसर झालेल्या पानांच्या मागच्या बाजूला लिहायला बसलो. ती डोळे मिटून गात होती, मधेच हात जातं ओढल्यासारखा फिरायचा. तेवीस ओव्या झाल्या. त्यातल्या आठ आईच्या वहीत नाहीत. चोविसावीला पहिली ओळ म्हणून ती थांबली. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबली. "म्होरलं येईना बग. सकाळी सांगते."

सकाळीही आठवलं नाही. मागच्या वर्षी आत्या गेली.

आता वहीतल्या आणि आत्याच्या अशा सगळ्या ओव्या एकत्र करून लेझरवर, काळ्यात छापल्या आहेत. प्रस्तावना काढून टाकली. दिवाळीच्या आत सगळ्या भावंडांना प्रती पोचतील. शेवटच्या पानावर ती एक ओळ आहे आणि तिच्याखाली जागा रिकामी सोडली आहे. तुमच्यापैकी कुणी आजीच्या जात्याशी बसलं असेल आणि पुढचं आठवत असेल, तर तिथे लिहा आणि मला कळवा. फक्त बॉलपेनने लिहा!