भेंडी मोडा, वॅट मोजा!
मेट्रोतून मंडईला उतरलात की १८८६ सालची ती अष्टकोनी दगडी वास्तू दिसतेच. मावशींशी मेथीच्या जुडीवर घासाघीस? खुशाल करा! तीच सवय घेऊन मी जवळच्या तापकीर गल्लीत शिरलो आणि सगळ्यात स्वस्त एसएमपीएस उचलला. पहिल्याच गेमला पीसी गप्प!

मग हिशोब कळला. आरटीएक्स ५०९० कार्ड एकटंच ५७५ वॅटपर्यंत खातं. कंपनी १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. लेबलवर १२ व्होल्टपुढचे अँपिअर बघा. हजार वॅटला ८३च्या आसपास हवेत. ‘८० प्लस गोल्ड’ म्हणजे वीज कमी वाया जाते, ताकद वाढते असं नव्हे.

मंडईत भेंडी मोडून बघता ना? मग इथं लेबल वाचा!