हातचे राखलेले पैसे

ज्या वाचकांनीं स्वतःचें घर बांधविलें असेल, त्यांस गवंड्याचे वा सुताराचे शेवटचे पैसे हातचे राखून ठेवण्याची चाल ठाऊक असेलच. गिलावा फुगला, दारें आखडलीं, तर त्यास पुन्हां बोलावितां यावें, एवढाच तींत हेतु असतो. आणि तो वाजवीहि आहे. परंतु हे पैसे राखणाऱ्याचे नसून काम करणाऱ्याचे असतात, ही गोष्ट काम संपतांच पुष्कळांच्या मनांतून निघून जाते.

आमचा धाकटा भाचा अमेरिकेंत, कॅलिफोर्निया राज्यांत, इमारतींतून विजेच्या तारा घालण्याचा धंदा करतो. तो पोटकंत्राटदार, त्याचा करार मुख्य कंत्राटदाराशीं, इमारतीच्या मालकाशीं नव्हे. तिकडे दर बिलांतून ठराविक टक्के कापून ठेवावयाचे व सर्व काम पुरें झाल्यावर द्यावयाचे, अशी रीत आहे. तीस ‘रिटेनेज’ म्हणतात. दुकानांच्या एका इमारतीचें काम त्यानें पुरें केलें; बिलें मिळालीं, पण राखीव दहा टक्के राहिले. कंत्राटदार ‘आज देतों, उद्यां देतों’ करूं लागला. ऐकणाऱ्यास दहा टक्के थोडे वाटतील. परंतु माल व मजुरी वजा जातां भाच्याच्या हातीं जें उरावयाचें, तें जवळजवळ एवढेंच होतें.

अशा मनुष्यासाठीं त्या देशांत एक जुना कायदा आहे. वॉशिंग्टन शहराची उभारणी व्हावयाची असतां, टॉमस जेफरसन व जेम्स मॅडिसन यांच्या पुढाकारानें, मेरिलंडच्या विधिमंडळानें १७९१ सालीं तो प्रथम केला. ज्यानें घरास श्रम वा माल पुरविला, त्याच्या पैशांचा बोजा त्या घरावरच चढावा, हें त्यांतील तत्त्व. या बोजास ‘लिएन’ म्हणतात. कॅलिफोर्नियानें तर १८७९ च्या राज्यघटनेंतच हा हक्क घालून ठेविला आहे. मात्र सरकारी इमारतीवर असा बोजा चढत नाहीं. तेथें मध्यवर्ती सरकारच्या मोठ्या कामांस १९३५ चा मिलर कायदा लागू असून कंत्राटदाराकडून जामीनकी घेतलेली असते.

पण हा हक्क जागत्याचा आहे, निजलेल्याचा नव्हे. काम सुरू केल्यापासून २० दिवसांच्या आंत पोटकंत्राटदारानें मालक, मुख्य कंत्राटदार आणि कर्ज देणारी पेढी यांस प्राथमिक नोटीस द्यावी लागते. काम संपल्यावर बोजा नोंदविण्यास ९० दिवसांची मुदत आहे; परंतु मालकानें ‘काम पुरें झालें’ अशी नोंद रीतसर केली, तर पोटकंत्राटदारास ती नोंद झाल्यापासून ३० च दिवस मिळतात. आतां मौज पाहा. राखीव रक्कम मालकानें कंत्राटदारास देण्याची मुदत काम संपल्यापासून ४५ दिवसांची. आणि ती मिळाल्यावर पोटकंत्राटदाराचा वांटा चुकता करण्यास आणखी १० दिवस! म्हणजे पैसे मागण्याचा दिवस उजाडण्यापूर्वींच ते मिळविण्याचें साधन हातून जावयाचें. भिडस्त मनुष्य वाट पाहतो, आणि वाट पाहण्यांतच बुडतो.

भाच्यानें प्राथमिक नोटीस पहिल्याच आठवड्यांत दिली होती. पुढें कंत्राटदारानें त्याजकडे ‘सर्व पैसे पावले’ अशा बिनशर्त मजकुराचा कागद सहीस पाठविला. त्यावर सही केली असती, तर पैसे न मिळतांहि हक्क संपला असता. म्हणून पैसे वटल्यावरच लागू होणाऱ्या सशर्त कागदावर त्यानें सही दिली आणि बोजा नोंदविण्याची तयारी केली.

ही हकीकत त्यानें फोनवर कळविली, तेव्हां आमच्या घरांत वादच माजला. आक्का, म्हणजे त्याच्या मातोश्री, म्हणाल्या, “कंत्राटदारानें बुडविलें, त्यांत त्या मालकाच्या घरावर कां बोजा? त्यानें कदाचित् पैसे देऊनहि टाकले असतील. एकदां दिलेले दाम दुसऱ्यांदा कां द्यावे?”

प्रश्न खरा होता. आम्हीं म्हटलें, “आक्का, तारा कंत्राटदाराच्या भिंतींत नाहींत, मालकाच्या आहेत. पहिल्याच आठवड्यांत त्यास नोटीस मिळाली आहे. शेवटचा पैसा देण्यापूर्वीं इतरांचे पावले कीं नाहीं, हें विचारणें त्याच्या हातांत आहे. तुझ्या मुलाच्या हातांत काय आहे?” आक्का कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तर मग मालकाला आधीं समजावून सांग म्हणावें. न सांगतां कांहीं करूं नको.”

कायद्यासहि तेंच अभिप्रेत आहे. बोजाची नकल मालकास आधीं द्यावीच लागते. भाच्यानें नकल दिली, शिवाय स्वतः भेटून सर्व हिशेब दाखविला, आणि सव्विसाव्या दिवशीं बोजा नोंदविला. नोंदीनंतर ९० दिवसांत दावा न लावल्यास ती नोंदहि व्यर्थ होते. परंतु दाव्याची पाळी आली नाहीं. मालकानें कंत्राटदाराची राखीव रक्कम अजून अडकवून ठेविली होती. तींतून भाच्याचे पैसे आले आणि त्यानें बोजा उतरविला.

आपल्या देशांत घर बांधणाऱ्यास घरावर असा बोजा चढविण्याचा कायदेशीर हक्क नाहीं. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमानें, हिरा पैलू पाडण्यास दिला असतां मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्यास तो ठेवून घेतां येतो. पण गवंडी भिंत ठेवून घेणार कोठें? त्याचें काम आपल्या दारीं राहतें आणि तो रिकाम्या हातीं जातो. म्हणून ज्या घरांत कायद्याचा धाक नाहीं, तेथें घरच्या कर्त्यानेंच राखलेल्या पैशांची तारीख वहींत लिहून ठेवावी, आणि ती उजाडतांच गवंड्यानें दारीं येण्याची वाट न पाहतां ते त्यास पोंचते करावे.