परतीची पायरी

वाचकहो, खालच्या श्रेणीत गेलेल्या फुटबॉल संघाचा चाहता आपण कधी पाहिला आहे काय? मी पाहिला आहे. ते माझे मामा. गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरला, आणि २०१५ मध्ये तोच आय-लीगमधून खाली घसरला. त्या रात्री मामा जेवले नाहीत. मामींना हसू आले. मला आले नाही.

अशा संघाचे पुढे काय होते? नामवंत खेळाडू अन्यत्र जातात, प्रेक्षक रोडावतात, आणि एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न मालकाला पडतो. मात्र आजवर बाकावर बसून राहिलेल्या पोरांना याच वेळी मैदान मिळते. २०१६ मध्ये धेंपोने दुसरी श्रेणी जिंकली. मामांनी घरोघर पेढे वाटले! परंतु राष्ट्रीय स्पर्धांच्या नियोजित नव्या रचनेला विरोध म्हणून त्याच वर्षी क्लबने आय-लीगकडे पाठ फिरविली. खेळून मिळविलेली जागा न खेळता गेली. पराभवापेक्षा हे दुःख अधिक बोचरे, असे मला वाटते.

पुढे संघ गोव्यातील स्थानिक स्पर्धांत खेळत राहिला आणि मामा जात राहिले. अखेर २०२४ मध्ये धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये आला. दरम्यान इंडियन सुपर लीग ही देशातील सर्वोच्च श्रेणी झाली होती. म्हणजे ही परतही दुसऱ्याच पायरीवरची. मी हे मामांना समजावू लागलो. ते चष्मा शोधीत होते. सामन्याची वेळ झाली होती.