टाकीच्या तळाचं पाणी

कशेळ्यात समुद्र नाही. तरी मे महिना संपत आला की माझं मन मुरूडजवळच्या राजपुरी बंदरात असतं. तिथं मामूंची मासेमारीची होडी आहे, आणि तिच्या डिझेलच्या टाकीशी माझा एक जुना हिशेब आहे.

काही वर्षांपूर्वी मामूंचा फोन आला. लोखंडी टाकी तळाशी पाझरत होती. नवी करायची तर थोडे पैसे कमी पडत होते. माझ्याकडे होते, पण घराच्या कामासाठी ठेवलेले. मी मास्तरकीच्या थाटात सांगितलं, "मामू, बाहेरून इपॉक्सीची पुट्टी लावा, एक सीझन निघेल." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी शाकारून ठेवलेली, टाकी अर्धी भरलेली. ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत जंजिऱ्याच्या पलीकडे इंजिन बंद पडलं. होडीवर चार माणसं, त्यांत मामूंचा धाकटा मुलगा. दुसऱ्या होडीनं ओढून आणेपर्यंत मुमानी जानमाजवरून उठल्या नाहीत.

मी गेलो तेव्हा पुट्टी जागची हलली नव्हती. पण फिल्टर गंजाच्या चिखलानं गच्च झाला होता. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर भोक दिसतं ते सगळ्यात शेवटी.

"भोक बुजलं, पाणी आतच राहिलं," मामू एवढंच म्हणाले.

नवी टाकी झाली. तळाला पाणी काढायचा नळ बसवला. आता दर वर्षी होडी वर ओढली की मी जातो. टाकी रिकामी करून, धुऊन, पुरती सुकवून झाकण घट्ट लावतो. वेल्डिंग करायचं झालं तर मामू आधी टाकी साबणाच्या गरम पाण्यानं धुववतात, मग पाण्यानं भरून घेतात. रिकाम्या टाकीतली वाफ ठिणगीनं स्फोट करते.

नव्या टाकीचे पैसे मीच दिले. मामूंनी ते कर्ज म्हणून वहीत लिहिले आणि दोन वर्षांत पै न् पै फेडली. पहिल्याच फोनला दिले असते, तर त्यांनी ते लिहून ठेवले नसते असं मला वाटतं.