गोधडी आपल्याला, चार्जर गाडीला!

मंडळी, लोणावळ्याच्या गर्दीचा कंटाळा आला असेल, तर थंडीतल्या वीकएन्डला औंढ्याचा बेत करा. लोणावळ्याला खेटून असलेलं हे मावळातलं गाव. ट्रेकची हौस असेल तर लोहगड-विसापूर जवळच, आणि काहीच करायचं नसेल तर त्याहून झकास! फक्त इलेक्ट्रिक गाडी घेऊन जाणाऱ्यांचा एक हमखास प्रश्न असतो: थंडीत बॅटरीचं काय?

डिसेंबरात मी ठाण्याहून तशीच गेले. रात्री पारा बारा अंशांवर आला होता. अंगणात गाडीला केबल लावत होते, तर होम-स्टेच्या मावशी म्हणाल्या, "हिला पण थंडी वाजती का गं? टाकू का गोधडी?"

प्रश्न एकदम करेक्ट! पण गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. आपलं अंग गरम असतं, उभी गाडी गारच होत जाते. शिवाय बॅटरी असते फ्लोअरखाली.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतली हालचाल मंदावते. पारा शून्याखाली गेल्यावर तशीच चार्ज केली, तर आत लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होऊ शकते. म्हणून थंड देशांतल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी तापवायची सोय असते. नॉर्वेसारख्या बर्फाळ देशात २०२४ साली विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, बोला!

औंढ्याची थंडी त्यामानाने लाडाची. इथला फंडा सोपा आहे. रात्रभर पंधरा अँपियरच्या प्लगवर गाडी लावा, पण टायमर असा ठेवा की चार्जिंग निघायच्या जरा आधी संपेल. चार्ज होताना बॅटरी थोडी गरम होते, ती ऊब सकाळी कामी येते. केबिनचा हीटरही प्लग काढायच्या आधीच लावून घ्या, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही.

खरी मेख आहे ती मुंबईकडे परतताना. लोणावळा ते खोपोली गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरते. दीड टनाच्या गाडीसाठी ही सुमारे सव्वादोन युनिट ऊर्जा झाली. एरवी पाय उचलला की मोटर गाडीचा वेग आवरते आणि यातली बरीच वीज बॅटरीत परत भरते. पण बॅटरी फुल्ल असेल तर वीज ठेवायला जागाच नसते. त्यात ती गार असेल तर वीज आणखी कमी घेते. मग अख्ख्या घाटाचा भार साध्या ब्रेकवर येतो. सतत दाबून ते तापले, तर उतारावर पकड कमी होऊ शकते.

म्हणून मी ८५ टक्क्यांवरच प्लग काढला आणि घाट आरामात उतरले. शंभर टक्क्यांचा हट्ट असेलच, तर तो खाली पनवेलला पुरवा!