खोटीचा हिशेब

कळंबोली

प्रिय बाळू,


ट्रक चालवायला मानेसरच्या लांबच्या लाईनला महिन्याचे 33,000 आणि चाकणच्या लोकलला 20,000, मग ताई, यात विचार कसला करायचा, असं तू विचारलंस. विचार करायचाय, बाळू. इथे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हर लोकांचे हिशेब मीच लिहिते. तेहतीस हजार कागदावर कसे तयार होतात आणि हातात किती येतात, हे मला रोज दिसतं.

लाईनच्या मालकाने तुला 15,000 पगार आणि ट्रिपमागे 6,000 भत्ता सांगितलाय, आणि महिन्याला तीन ट्रिपा धरल्यात. चाकण ते मानेसर साधारण 1,400 किलोमीटर, जाऊन-येऊन 2,800. एकट्याने रोज साडेतीनशे मारले तर आठ दिवस नुसते चालण्यात जातात. तीन ट्रिपांचे झाले चोवीस. माल भरायला, खाली करायला आणि परतीचं भाडं मिळायला त्याने जवळजवळ वेळच धरलेला नाही. परतीच्या मालासाठी दोन-तीन दिवस पडून राहणं तर नेहमीचंच. म्हणजे ट्रिप अकरा दिवसांची, आणि महिन्यात चार-सहा दिवस घरी यायचं म्हटलं तर ट्रिपा दोनच. 15 अधिक 12, झाले 27,000. बावीस दिवस ढाब्यावर जेवण, चहा, अंघोळ मिळून रोजचे 300 धर, 6,600 गेले. राहिले 20,400.

यात डिझेलची कपात अजून धरलेली नाही. गाडीला लिटरला चार किलोमीटरचं ॲव्हरेज ठरवलं की 2,800 किलोमीटरला 700 लिटर मंजूर. जुन्या इंजिनाने 3.8 दिलं तर साधारण 37 लिटर जास्त लागतं, आणि नव्वदच्या भावाने 3,300 रुपये तुझ्या नावावर पडतात. घाट किती, माल किती वजनाचा, टायर कसले, यांवर ॲव्हरेज ठरतं. त्यातलं ड्रायव्हरच्या हातात फार थोडं असतं. डिझेलचंच अजून एक. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, आणि तो व्हायलाच हवा होता. मे महिन्यात राजस्थानातून जाणाऱ्या माणसाचे हाल मी ऐकलेत. पण गाडी उभी असताना एसी चालवला तर ते डिझेल कोणाचं, हे तू आधीच विचारून घे.

पण बाळू, सगळ्यात मोठी गोष्ट आहे खोटीची, म्हणजे गाडी नुसती उभी राहून जाणाऱ्या दिवसांची. गाडी पार्टीच्या गेटवर दोन दिवस खोटी झाली तर ते दोन दिवस कोणाचे? ड्रायव्हर गाडी सोडून जाऊ शकत नाही. मालावर, डिझेलवर, स्टेपनीवर लक्ष ठेवतो, रात्री गेट उघडलं की उठून गाडी लावतो. हे सगळं कामच आहे. तरी ट्रिपच्या भत्त्यात त्या दिवसांना दाम नसतो, आणि किलोमीटरवर पैसे देणाऱ्याकडे तर चाक फिरेपर्यंत शून्य. पार्टीने हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, दिले तरी ते मालकाच्या खात्यावर जमा होतात. ड्रायव्हरचा वाटा आधी ठरलेला असेल तरच निघतो. माझ्या वहीत अशी नावं फार थोडी आहेत, आणि याचा मला राग येतो.

1961 साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तास काम आणि जादा तासांना दुप्पट मजुरी लिहिली होती. लांबच्या फेरीलासुद्धा मर्यादा दहा तासांची होती. ई-वे बिलही 200 किलोमीटरला एक दिवस धरतं, म्हणजे तुझ्या मानेसरला एका बाजूने सात दिवस. मालक त्यातले चारच मोजतो. 2018 पर्यंत नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागत. ती अट गेली, पण दुसऱ्याचा पगार पहिल्याला मिळाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आता लोकल. चाकण, रांजणगाव, तळेगाव, आणि रात्री आपल्या घरी. 20,000 पैकी पंधरा हजारांवर पीएफचे 1,800 आणि सगळ्या पगारावर ईएसआयचे 150 कापले तर हातात 18,050 येतील. पीएफमध्ये तेवढेच पैसे मालकालाही भरावे लागतात. ईएसआयची मर्यादा 21,000 आहे, म्हणजे तू त्यात बसतोस, आणि आईचं दवाखान्याचं बघता येईल. लाईनवाल्याने पीएफचं नावही काढलेलं नाही. मात्र लोकलवाला खेपेवर पैसे देतो म्हणाला तर सरळ नाही म्हण. कंपनीच्या गेटवरची रांग तिथेही आहे, आणि खेपेवर गेलास की खोटी पुन्हा तुझ्याच माथी. पगार महिन्याचा आणि आठ तासांवर ओव्हरटाइम, हे कागदावर असलं पाहिजे.

लाईन वाईट आहे असं मी म्हणत नाही. गाडी चालवणं खरं तिथेच शिकता येतं, आणि खोटीच्या दिवसाचा रोज देणारे मालकही आहेत. तुझं हेवी लायसन्स नवं आहे. वर्ष-दोन वर्षं लोकल कर, हात बसू दे. मग लाईनला गेलास तर तुला दर मागता येईल.

रविवारी दोन्ही मालकांना फोन कर. तीन ट्रिपा नाही झाल्या तर काय, ॲव्हरेज किती धरणार आणि ते कोणी काढलं, खोटीच्या दिवसाला किती, पीएफ आहे का, एवढं विचार, आणि व्हॉट्सॲपवर लिहून माग. ते मला पाठव. कोणी लिहून द्यायला टाळलं तर तेही कळव, उचल मात्र तोवर कोणाकडून घेऊ नकोस. एकदा उचल घेतली की ती फिटेपर्यंत गाडी सोडता येत नाही.

तुझी,
ताई